दसऱ्याची आतषबाजी: गावाचं मत घ्यायचं तर कुणाला, कधी आणि काय विचारायचं

प्रश्न थोडक्यात असा: ‘आमची नगरपरिषद ‘ब’ वर्गाची. लोकसंख्या ऐंशी हजारांच्या आसपास, घरं साधारण १८,०००. दरवर्षी दसऱ्याला रावणदहनानंतर मैदानावर नगरपरिषदेच्या खर्चाने पंचवीस मिनिटं शोभेचं दारूकाम होतं. मागच्या वर्षी व्हॉट्सअॅपवर गुगल फॉर्म फिरवला. उत्तरं भरपूर आली, पण अर्धे नगरसेवक म्हणतात हे गावाचं मतच नाही, अर्धे म्हणतात हेच गावाचं मत. यंदा नीट कसं करावं?’

फॉर्म भरणारे गावातलेच असतात, म्हणून त्यांचं म्हणणं टाकून देता येत नाही. पण ज्यांना मुद्दाम फॉर्म भरावासा वाटला तेवढेच त्यात असतात, म्हणून त्याला गावाचं मतही म्हणता येत नाही. आतषबाजीवर फॉर्म भरतात ते दोन प्रकारचे लोक: ज्यांना फार आवडते ते आणि ज्यांना फार त्रास होतो ते. मधले सत्तर टक्के असोत की नव्वद, ते फॉर्मपर्यंत पोहोचतच नाहीत. त्यामुळे मुख्य काम फॉर्म सुधारण्याचं नाही. जे मैदानावर आले नाहीत आणि ज्यांनी फॉर्म उघडला नाही, त्यांच्या दारात जाऊन ‘आवडली का’ याऐवजी ‘त्या रात्री तुमच्या घरी काय झालं’ असं विचारायचं, हे खरं काम.

आधी काय विचारायचं नाही ते ठरवा. काही गोष्टी मताला टाकण्यासारख्या नाहीतच, कारण त्या कायद्याने ठरलेल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालाने दिवाळी आणि तशाच इतर सणांना फटाक्यांची वेळ रात्री ८ ते १० अशी बांधून दिली, बेरियमचे क्षार असलेले फटाके आणि जोडलेल्या माळा बंद केल्या, आणि सामूहिक आतषबाजीसाठी जागा ठरवून देण्याचा विचार करायला सांगितलं. ४ मीटर अंतरावर १२५ डेसिबलपेक्षा मोठा आवाज करणारा फटाका पर्यावरण संरक्षण नियमांनुसार मनाईचा आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रुग्णालय, शाळा-महाविद्यालय आणि न्यायालयाभोवती किमान १०० मीटरचा पट्टा राज्य सरकारला शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. यात जिल्हाधिकारी किंवा पोलिसांचा स्थानिक आदेश आणखी कडक असू शकतो. तो हातात घेऊनच प्रश्नावली लिहायला बसा. ‘आतषबाजी साडेदहापर्यंत चालावी का?’ असा प्रश्न छापला आणि लोक ‘हो’ म्हणाले, तर त्या ‘हो’चं तुम्ही करणार काय?

मग उरतं काय? बरंच उरतं. आठला सुरू करायची की सव्वानऊला. पंचवीस मिनिटं की दहा. हेच मैदान की नदीपलीकडची मोकळी जागा. आवाजाचे बार किती, नुसती रोषणाई किती. खर्च नगरपरिषदेचा की प्रायोजकाचा. आणि अर्थात, करायचीच की नाही. मुख्याधिकारी, अग्निशमनचे प्रमुख, आरोग्य विभाग आणि पोलीस ठाण्याचा एक अधिकारी यांना एका टेबलाभोवती बसवून ‘यांपैकी काय खरोखर बदलू शकतं’ ते लिहून घ्या. जी गोष्ट कुणीच बदलणार नाही, तिचा प्रश्न प्रश्नावलीत नको. लोकांना विचारून न ऐकणं हे न विचारण्यापेक्षा महाग पडतं, कारण पुढच्या वर्षी दार उघडत नाहीत.

वेळेचा मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. दसरा आणि वसुबारस यांत साधारण सोळा-सतरा दिवस असतात. एकदा दिवाळीचे फटाके गल्लीत वाजायला लागले की माणूस मैदानावरच्या आतषबाजीबद्दल बोलतोय की शेजारच्या पोराच्या सुतळी बॉम्बबद्दल, हे त्याचं त्यालाही कळत नाही. म्हणून दसऱ्याच्या तिसऱ्या दिवसापासून बाराव्या दिवसापर्यंतच घरोघरचं काम आटपा. पहिले दोन दिवस सोडायचे कारण घरं रिकामी असतात, लोक सोनं वाटायला गावाला गेलेले असतात. निवडणूक लागण्याची शक्यता असेल तर तारखा आणखी जपून ठरवा. २०२४ साली दसरा १२ ऑक्टोबरला होता आणि विधानसभेची आचारसंहिता १५ ला लागली. अशा वेळी नगरपरिषदेच्या नावाने दारोदार फिरणारा फॉर्म म्हणजे तक्रारीला आमंत्रण.

आता कुणाला विचारायचं. प्रभागनिहाय नमुना घेण्याची सवय असते, पण आतषबाजी प्रभाग बघून वाजत नाही. मैदान मध्यबिंदू धरून नकाशावर दोन वर्तुळं काढा: ३०० मीटरचं आणि १ किलोमीटरचं. तीन पट्टे झाले. समजा आतल्या पट्ट्यात ९०० घरं आहेत, मधल्यात ५,१०० आणि बाहेर १२,०००. प्रत्येक पट्ट्यातून २०० घरं, एकूण ६००. नुसत्या लोकसंख्येच्या प्रमाणात घरं काढली असती तर आतल्या पट्ट्यातून जेमतेम ३० आली असती, आणि सगळा त्रास तर तिथेच असतो. तीस घरांवरून काहीही म्हणता येत नाही.

घरांची यादी मालमत्ता कराच्या नोंदवहीतून काढतात. ती चालेल, पण तिच्यात भाडेकरू दिसत नाहीत आणि झोपडपट्टीतली बरीच घरं नसतात. म्हणून नोंदवहीतून गल्ली निवडा आणि गल्लीत प्रत्यक्ष चालत घरं मोजा. मधल्या पट्ट्यात ५,१०० घरांतून २०० म्हणजे साधारण दर पंचविसावं घर. पहिलं घर चिठ्ठी टाकून ठरवा, कोपऱ्यावरचं सोयीचं घर धरू नका. घर बंद असेल तर वेगवेगळ्या वेळी आणखी दोनदा जा. तरीही बंद असेल तर आधीच काढून ठेवलेल्या राखीव यादीतलं घर घ्या. शेजारचं उघडं घर घेण्याचा मोह होतोच. तो टाळा, कारण दुपारी दार उघडं असणारी घरं एका प्रकारची असतात आणि कुलूप असणारी दुसऱ्या प्रकारची.

घरात कुणाला विचारायचं हा प्रश्न घर निवडण्याइतकाच महत्त्वाचा. दार उघडतो तो माणूस म्हणतो, ‘लिहा, आमच्याकडे सगळ्यांचं एकच मत.’ आत पंचाहत्तरीच्या आजी असतात, त्या रात्री कानात कापूस घालून बसलेल्या, आणि त्यांचं मत कुणी विचारलेलं नसतं. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक फॉर्मच्या डोक्यावर आधीच एक छोटी तालिका छापा: घरात अठरा वर्षांवरची माणसं दोन असतील तर दुसरा, तीन असतील तर पहिला, चार असतील तर तिसरा, अशी, वयाने थोरल्यापासून मोजायचं. दर फॉर्मवर ही तालिका बदलती ठेवायची. फॉर्म म्हणतो तिसरा, म्हणजे तिसराच. तो घरी नसेल तर वेळ विचारून परत जायचं. पहिल्या दिवशी कार्यकर्ते कुरकुरतात, दुसऱ्या दिवशी सवय होते.

फिरायला कोण? वसुली विभागाचा माणूस नको. लोकांना वाटतं थकबाकी विचारायला आला. गणवेशातला कर्मचारीही नको. नगरसेवकाचे कार्यकर्ते तर नकोतच. महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं-मुली बऱ्या, पण स्वतःच्या प्रभागात कुणालाही पाठवू नका. एक मुलगा, एक मुलगी अशी जोडी. आठ जोड्या, रोज प्रत्येकी बारा ते पंधरा फॉर्म, म्हणजे सहा दिवसांत सहाशे होतात. त्यात एक रविवार यायलाच हवा. संध्याकाळी कुठल्या भागात नळाला किती वाजता पाणी येतं ते पाणीपुरवठा विभागाकडून घ्या आणि ती वेळ टाळा. हंडा भरायचा सोडून कुणी बाई तुमच्या प्रश्नांना उभी राहणार नाही, आणि राहिलीच तर जे सुचेल ते सांगून मोकळी होईल.

प्रश्नांच्या भाषेवर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो.

‘प्रदूषण करणारी आतषबाजी बंद करावी असं आपल्याला वाटतं का?’ हा प्रश्न नाही, उत्तरच आहे. ‘आपली परंपरा जपली जावी असं वाटतं का?’ हेही तसंच, फक्त दुसऱ्या बाजूचं. दोन्ही प्रश्नांना एकच माणूस ‘हो’ म्हणेल. आणखी एक सापळा ‘फटाके’ या शब्दातच आहे. आपल्याकडे फटाके म्हटलं की माणसाच्या कानात आवाज येतो, आतषबाजी म्हटलं की डोळ्यांपुढे आकाश येतं. प्रश्नात ‘फटाके’ लिहिलंत तर राग गल्लीतल्या लवंगी माळेचा निघेल आणि तो मैदानाच्या खात्यात जमा होईल. म्हणून पहिल्याच ओळीत नेमकं लिहा: ‘दसऱ्याच्या रात्री मैदानावर नगरपरिषदेने केलेली आतषबाजी. गल्लीत लोकांनी वाजवलेल्या फटाक्यांबद्दल हा प्रश्न नाही.’ आणि विचारणाऱ्याने ही ओळ मोठ्याने वाचायचीच.

सुरुवात मताने करू नका, घटनेने करा. ‘त्या रात्री आठ ते दहा या वेळात तुम्ही कुठे होता: मैदानावर, घराच्या गच्चीवर, घरात, गावाबाहेर, की कामावर?’ त्यानंतर, ‘घरात सहा वर्षांखालचं मूल, सत्तरीच्या पुढचं माणूस, दम्याचा किंवा हृदयविकाराचा रुग्ण, गरोदर बाई, पाळीव जनावर यांपैकी कोण आहे? त्यांच्यासाठी त्या रात्री काही वेगळं करावं लागलं का? काय केलं?’ या ‘काय केलं’ खाली तीन रिकाम्या ओळी ठेवा. सगळ्या अहवालात सर्वांत कामाची माहिती या तीन ओळींत येते. ‘खिडक्या लावून पंखा बंद केला’, ‘म्हैस दावणीला दुहेरी बांधली’, ‘बाळाला घेऊन माहेरी गेले’. ‘त्रास होतो का, एक ते पाच’ या आकड्यापेक्षा ही वाक्यं सभागृहात जास्त वजनाने पडतात, आणि त्यांतून उपायही दिसतो.

मत शेवटी, आणि तेही पर्याय मांडून. नुसतं ‘हवी की नको’ विचारलं की गाव दोन तटांत विभागतं. त्याऐवजी तीन पर्याय आणि पसंतीक्रम:

‘(क) आत्तासारखी, पंचवीस मिनिटं. (ख) दहा-बारा मिनिटं, आवाजाचे बार वगळून, रंगीत रोषणाई. (ग) आतषबाजी नाही, ती रक्कम दुसऱ्या सार्वजनिक कामाला. पहिली पसंती कोणती? ती झाली नाही तर दुसरी कोणती?’

निम्म्या फॉर्मांवर हा क्रम उलटा छापा, कारण वाचून दाखवताना शेवटचा पर्याय माणसाच्या लक्षात राहतो आणि त्याला फुकटची मतं मिळतात. प्रत्येक पर्यायापुढे खर्च लिहा, तोही निविदेतला खरा आकडा आणि प्रत्येक घरामागे किती ते. उदाहरणापुरतं, नऊ लाखांचं काम असेल तर १८,००० घरांत घरटी पन्नास रुपये होतात. ‘नऊ लाख’ ऐकून लोक चिडतात, ‘पन्नास रुपये’ ऐकून खांदे उडवतात. दोन्ही छापा, म्हणजे कुणी म्हणणार नाही की आकडा लपवला.

(ख) पर्यायात प्रामाणिक राहा. ‘बिनआवाजाचे फटाके’ असा शब्द लोक वापरतात, पण आकाशात काही उडवायचं तर खालून धक्का द्यावा लागतो आणि त्या दारूचा आवाज होतोच. कॅनडातल्या बॅन्फ गावाने २०१८ मध्ये राष्ट्रीय दिनाला नेहमीच्या आतषबाजीऐवजी कमी आवाजाची शोभा सुरू केली, आसपासच्या वन्यप्राण्यांसाठी. ती उंच जात नाही. म्हणजे आवाज कमी, पण दूरच्या गच्चीवरून बघणाऱ्याला जवळजवळ काही दिसत नाही. तुमच्या गावात निम्मे लोक गच्चीवरूनच बघत असतील तर हे त्यांना आधी सांगायला हवं, नाहीतर पुढच्या वर्षी ‘फसवलं’ म्हणतील. तशीच गत ‘हरित फटाक्यां’ची. नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेले हे फटाके धूलिकण साधारण तीस टक्के कमी सोडतात. ते मुके नसतात. फॉर्ममध्ये ‘हरित’ लिहून लोकांना ‘शांत’ ऐकू येणार असेल तर तो शब्द वगळा.

एकूण प्रश्न बारापेक्षा जास्त नकोत, वेळ सहा मिनिटं. खरी फेरी सुरू होण्याआधी वीस घरांत करून बघा. ज्या प्रश्नावर पाचातले दोन जण ‘म्हणजे?’ म्हणतात, तो बदला. फॉर्म मराठीत आणि हिंदीत, आणि वस्तीप्रमाणे उर्दू किंवा आणखी कुठली भाषा लागत असेल तर तीही. नाव आणि फोन नंबर घेऊ नका. पडताळणीसाठी हवाच असेल तर वेगळ्या चिठ्ठीवर, ऐच्छिक, आणि काम झाल्यावर नष्ट. वैयक्तिक माहितीचा २०२३ चा कायदा डोळ्यांसमोर ठेवा, पण त्याहून साधं कारण असं की नाव लिहून घेतलं की माणूस नगरसेवकाला आवडेल असं उत्तर देतो.

मैदानावरचं सर्वेक्षण हे वेगळं काम. ते गावाचं मत सांगत नाही, आलेल्यांचा अनुभव सांगतं, आणि तो सुरक्षेसाठी फार मोलाचा असतो. रावण पेटायच्या आधी भाषणं चाललेली असतात, लोक ताटकळलेले असतात. ती वेळ उत्तम. फाटकातून आत येणारा दर विसावा माणूस थांबवा, चार प्रश्न, दीड मिनिट: कुठून आलात, कसे आलात, गाडी कुठे लावली, बरोबर किती मुलं. कार्यक्रम संपल्यावर कुणीही थांबत नाही. त्या वेळी फक्त चिठ्ठी हातात द्या, फॉर्मचा क्यूआर कोड छापलेली, घरी जाऊन भरायला. कोडचा फलक मैदानावर लावायचा असेल तर हिशोब असा: जितक्या अंतरावरून स्कॅन करायचं त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी कोडची बाजू, म्हणजे दोन मीटरवरून २० सेंटिमीटर. फ्लेक्स चकचकीत असेल तर हॅलोजनच्या उजेडात कोड वाचला जात नाही, आणि इतके लोक एका जागी जमले की मोबाइलला रेंज नसतेच. त्यामुळे फलकापेक्षा चिठ्ठी भरवशाची.

आणि मैदानाबाहेर उभं राहून बघणाऱ्यांना विसरू नका. १९ ऑक्टोबर २०१८ ला अमृतसरमध्ये दसऱ्याच्याच संध्याकाळी रावणदहन बघायला रेल्वेरुळांवर उभ्या असलेल्या लोकांवर गाडी गेली, सुमारे साठ माणसं मेली. पूल, पाण्याची टाकी, बांधकाम चाललेली इमारत, रस्त्याचा दुभाजक, रूळ अशा प्रत्येक ठिकाणी एक माणूस ठेवा, रात्री आठ ते दहा या वेळात दर पंधरा मिनिटांनी डोकी मोजायला, आणि पाच-दहा जणांना ‘आत का नाही गेलात?’ एवढंच विचारायला. ‘आत चेंगराचेंगरी होते’, ‘गाडी लावायला जागा नाही’, ‘बायकांसाठी सोय नाही’ ही उत्तरं दुसऱ्या कुठल्याच फॉर्मवर मिळत नाहीत.

गुगल फॉर्म बंद करायची गरज नाही. त्याचे आकडे मात्र घरोघरच्या आकड्यांत मिसळायचे नाहीत, कधीच नाहीत. एकच माणूस चार वेळा भरतो, ते रोखायला ईमेलची सक्ती केली की म्हातारी माणसं गळतात. फोनच्या इंटरनेट (आयपी) पत्त्यावरून दुबार ओळखायला जाऊ नका. मोबाइल कंपन्या शेकडो फोनांना एकच पत्ता देतात. त्याऐवजी उत्तरांच्या वेळा बघा. रात्री अकरा ते बारात अचानक दोनशे उत्तरं आली, आणि ‘सूचना’ या रकान्यात तेच वाक्य, त्याच चुकलेल्या वेलांटीसह, तर कुठल्या तरी ग्रुपवर लिंक आणि मजकूर दोन्ही फिरलेत. ती पुसून टाकू नका. अहवालात ‘मोहिमेतून आलेली उत्तरं’ असा वेगळा परिच्छेद करा आणि संख्या द्या. संघटित मागणी हेही एक मतच आहे, फक्त ते डोकी मोजून वाचायचं नसतं. पाचशे सह्यांचं निवेदन आलं तर तेही तसंच: एक निवेदन, पाचशे पाठिंबे, आवक क्रमांक देऊन नोंदवलेलं.

वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचनेने हरकती व सूचना मागवणं हा कार्यालयाचा नेहमीचा मार्ग. तो कागदोपत्री हवाच. त्यातून पाच-पंचवीस अर्ज येतील, बहुतेक एकाच दोन गल्ल्यांतले. त्यावर फार वेळ घालवू नका.

ज्यांना फॉर्ममध्ये पकडता येत नाही अशांसाठी छोट्या बैठका घ्या, सात-आठ जणांच्या: ज्येष्ठ नागरिक संघ, बचत गट, मैदानाजवळच्या दवाखान्यांचे डॉक्टर, जनावरांचा डॉक्टर आणि गोठेवाले, फेरीवाले, आणि सफाई कामगार. नगरपरिषदेच्या सभागृहात नको. तिथे पहिल्या रांगेत नगरसेवक बसले की बाकीचे हात बांधून बसतात. वाचनालयाची खोली बरी. सफाई कामगारांना तर पहिल्यांदा विचारा. पहाटे पाचला मैदानावर काय सापडतं ते त्यांनाच माहीत: जळकी पुठ्ठ्याची नळकांडी किती पोती, वाऱ्याने कुठल्या घरांच्या पत्र्यावर गेली, आणि सगळ्यात महत्त्वाचं, न फुटलेले शॉट किती. ते पोरं वेचून नेतात आणि दुसऱ्या दिवशी पेटवून बघतात. मुकादमाला आधीच सांगून ठेवा की न फुटलेले वेगळे मोजायचे, त्यांना हात लावायच्या आधी अग्निशमनला बोलवायचं. फेरीवाल्यांची बाजूही लिहून घ्या. काहींची महिन्यातली सर्वांत मोठी कमाई त्या रात्रीची असते.

लोकांच्या म्हणण्याशेजारी ठेवायला मोजमापही हवं. चार ठिकाणी ध्वनिमापक लावा: आतल्या पट्ट्यात दोन, जवळच्या रुग्णालयाच्या कुंपणाशी एक, मधल्या पट्ट्यात एक. यंत्र आयईसी ६१६७२ मानकाचं, वर्ग १ किंवा २, अंशांकनाचं (कॅलिब्रेशनचं) प्रमाणपत्र असलेलं. मोबाइल अॅपचा आकडा सभेत कुणी मानणार नाही आणि मानूही नये. फोनचा मायक्रोफोन मोठ्या धमाक्याला गुदमरतो आणि कमी दाखवतो. आदल्या रात्री याच वेळेचं मोजमाप घेऊन ठेवा, नाहीतर आतषबाजीचा आवाज कुठला आणि वाहतुकीचा कुठला हे वेगळं करता येणार नाही. निवासी भागाची मर्यादा रात्री दहापर्यंत ५५ डेसिबल आहे, शांतता क्षेत्राची ५०. त्याबरोबर पोलिसांच्या ११२ ची आणि अग्निशमनची त्या दोन तासांतली नोंद, आणि दवाखान्यांकडून त्या रात्री धाप लागून किंवा भाजून आलेल्या रुग्णांची नुसती संख्या, नावं नाहीत.

आकडेमोडीत एक चूक हमखास होते. तिन्ही पट्ट्यांतून सारखेच फॉर्म घेतलेत, म्हणून सरळ सरासरी काढायची नाही. समजा ‘(ग) आतषबाजी नको’ असं आतल्या पट्ट्यात पन्नास टक्के, मधल्यात तीस आणि बाहेर पंधरा टक्के म्हणाले. सरळ सरासरी येते जवळपास ३२. पण घरांच्या संख्येने वजन दिलं की ४५० अधिक १,५३० अधिक १,८००, म्हणजे १८,००० पैकी ३,७८० घरं, म्हणजे २१ टक्के. एकाच सर्वेक्षणातून ३२ आणि २१ असे दोन आकडे निघतात, आणि ज्याला जो सोयीचा तो तो घेऊन सभेत उभा राहतो. अहवालात वजन दिलेला एकच आकडा द्या, शेजारी तीन पट्ट्यांचे तीन, आणि हिशोब उघडा ठेवा. सहाशे फॉर्मांत, अशी असमान वजनं धरून, एकूण आकड्यात पाच टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. एकेका पट्ट्याच्या दोनशेंत सात टक्के. म्हणून ४८ विरुद्ध ५२ आले तर ‘बहुमत’ हा शब्द लिहू नका, ‘गाव जवळपास निम्मं-निम्मं’ असं लिहा.

मोकळ्या उत्तरांची वर्गवारी एकट्याने करू नका. दोघांनी तीच शंभर उत्तरं वेगवेगळी बसून वाचायची, प्रत्येकाने शेरे लावायचे, मग जुळवून बघायचं. ‘आवाज’ आणि ‘भीती’ ही दोन खाती वेगळी की एक, यावरच पहिला वाद होतो, आणि तो अहवालाआधी झालेला बरा.

मग निर्णयाकडे. बाहेरच्या १२,००० घरांनी ‘हवी’ म्हटलं म्हणून आतल्या ९०० घरांचा त्रास मिटत नाही, आणि ९०० घरांना त्रास होतो म्हणून सगळ्यांची बंद करणं हाही एकच मार्ग नाही. इथेच ‘काय केलं’च्या त्या तीन ओळी कामाला येतात. आतल्या पट्ट्यात तक्रारी मुख्यतः पत्र्यावर पडणाऱ्या जळक्या तुकड्यांच्या असतील तर जागा बदलणं किंवा लहान शेल (आकाशात उडवून फोडायचे गोळे) घेणं पुरतं. शेलच्या आकारावर प्रेक्षकांचं अंतर ठरवायचा अमेरिकेतल्या एनएफपीए ११२३ या मानकाचा साधा ठोकताळा आहे: दर इंच व्यासामागे ७० फूट. तीन इंची शेलला २१० फूट, सहा इंचीला ४२०. तुमच्या मैदानाची लांबी टेपने मोजा; पुष्कळदा आतषबाजी मोठी नसते, मैदान लहान असतं. तक्रारी बाळं आणि म्हाताऱ्यांच्या असतील तर वेळ आठची करा, बार काढा, आणि नेमकी सुरुवात किती वाजता ते चार दिवस आधी घंटागाडीवरून जाहीर करा. आवाजाइतकाच त्रास तो कधी सुरू होणार हे माहीत नसण्याचा असतो. जनावरं बांधायला आणि बाळाला दुसरीकडे न्यायला वेळ मिळाला तर बरंच निभतं.

कामाचं वेळापत्रक अर्थसंकल्पाला बांधा. घरोघरचं काम ऑक्टोबरात, फॉर्मांतल्या उत्तरांची नोंद दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात, अहवाल डिसेंबरात. अर्थसंकल्पाची जुळवाजुळव जानेवारीत सुरू होते; तोवर अहवाल टेबलावर नसेल तर जुनीच तरतूद जशीच्या तशी पुढे सरकते आणि मग ऑगस्टमध्ये निविदा काढताना कुणाला काही बदलता येत नाही. निविदेत मात्र ठरलेलं शब्दशः लिहा: किती मिनिटं, सर्वांत मोठा शेल किती इंची, आवाजाचे बार शून्य की किती, न फुटलेले गोळा करायची जबाबदारी कुणाची. ‘आकर्षक व पर्यावरणपूरक आतषबाजी’ एवढ्या एका ओळीवर ठेकेदार मागच्या वर्षीचंच सामान घेऊन येतो.

लोकांना परत काय सांगायचं त्यासाठी एकच पान, दोन रकाने: ‘तुम्ही हे म्हणालात’ आणि ‘आम्ही हे केलं’. जे केलं नाही तेही त्यात, कारणासह. हे पान मालमत्ता कराच्या बिलाबरोबर घरोघरी जातं, वेगळा खर्च नाही. पुढच्या वर्षीच्या फॉर्ममधले चार प्रश्न मात्र यंदाचेच, अगदी काना-मात्रेसह तेच ठेवा: कुठे होता, घरात कोण, काय करावं लागलं, आणि पसंतीक्रम. कुणीतरी नवा अधिकारी येऊन भाषा ‘सुधारेल’. त्याला हात लावू देऊ नका, नाहीतर दोन वर्षांची तुलना करताच येणार नाही.